कारखाना बुडतो, तेव्हा कोण कोण बुडते?

(रत्नागिरी येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



मोटार उद्योगाच्या दिवाळखोरीवर रत्नागिरीत व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न कुणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. या जिल्ह्याची ओळख हापूस आंब्याची, मासेमारीची आणि बुद्धिवंतांची आहे. मोटारींचा कारखाना येथे नाही. परंतु या जिल्ह्यातील किती घरांचे चिरे मुंबईच्या कारखान्यांतील पगारावर रचले गेले आहेत, याचा हिशेब कधीतरी मनाशी करून पाहावा. कापड गिरणी, गोदी, रेल्वे, औषध कंपन्या आणि मोटार कारखाने यांतून महिनाअखेर निघणाऱ्या मनीऑर्डरीवर कोकणातील चुली कैक दशके पेटल्या. कुर्ल्यात भोंगा थांबला की त्याचा आवाज संगमेश्वरातल्या वाडीवर ऐकू येत असे. म्हणून हा विषय रत्नागिरीचाच आहे.

आणखी एक नाते आहे. याच रत्नागिरीत १८५६ साली लोकमान्य टिळकांचा जन्म झाला. स्वदेशी उद्योगांसाठी सामान्य माणसाने वर्षाला निदान एक पैसा द्यावा, या कल्पनेतून अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंड उभा केला. लोकमान्यांनी त्याला पाठबळ दिले आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना सुरू झाला. उद्योग म्हणजे केवळ मालकाची मालमत्ता नसून अनेकांच्या विश्वासाची ठेव आहे, हा विचार त्या एका पैशामागे होता. आजच्या कंपनीतही तेच असते. कुणी पैसा दिलेला असतो, कुणी माल उधारीवर दिलेला असतो, कुणी आयुष्याची उमेदीची वर्षे दिलेली असतात. कंपनी बुडते तेव्हा या तीन ठेवींचे काय होते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

वालचंदांचे स्वप्न आणि त्याचा शेवट

महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे. सोलापुरात जन्मलेले शेठ वालचंद हिराचंद हे विलक्षण धाडसी उद्योजक होते. १९१९ मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या उभारणीत सहभागी होऊन त्यांनी ब्रिटिश जहाज कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान दिले. १९४० मध्ये बंगळूरला विमानाचा कारखाना काढला. भारतात मोटार बनली पाहिजे, हा त्यांचा आणि सर विश्वेश्वरय्यांचा ध्यास होता. परकीय सरकारचा पाठिंबा नव्हता, तरीही १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या.

पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९५४ पासून फियाट ११०० येथे तयार होऊ लागली. हीच गाडी पुढे प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणजे पद्मिनी, असे समीकरणच झाले. गणपतीला गावी निघालेला चाकरमानी ट्रंका आणि पोराबाळांसह एस.टी. स्थानकावर याच टॅक्सीने पोहोचत असे.

मग असा उद्योग खचला कसा? पहिले कारण संरक्षणाच्या सावलीत आलेली सुस्ती. परवाना पद्धतीच्या काळात ग्राहकासमोर पर्याय जवळजवळ दोनच होते, पद्मिनी नाही तर अँबॅसॅडर. पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहणारा ग्राहक असेल, तर नवी गाडी बनविण्याची निकड कुणाला वाटणार? साठच्या दशकातला मूळ साचा नव्वदच्या दशकापर्यंत किरकोळ बदलांनिशी चालला. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि ग्राहकाला तुलना करता येऊ लागली. १९९१ नंतर दारे उघडली, तेव्हा स्पर्धेची सवयच नसलेल्या उद्योगाची दमछाक झाली.

दुसरे कारण भागीदारीचे. प्रीमियरने फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी हातमिळवणी केली आणि कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात प्यूजो ३०९ ही गाडी बनू लागली. दुसरीकडे कुर्ल्यात फियाटबरोबर स्वतंत्र संयुक्त कंपनी झाली. दोन प्रतिस्पर्धी परदेशी कंपन्यांशी एकाच वेळी संसार मांडणे सोपे नव्हते. त्यात कामगार आणि व्यवस्थापन यांच्यातला तंटा चिघळला. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात प्यूजोने काढता पाय घेतला. फियाटनेही पुढे आपला पसारा पुण्याजवळ रांजणगावला हलविला. मूळ कंपनी प्रीमियर लिमिटेड या नावाने चिंचवडला यंत्रसामग्री आणि थोड्याफार गाड्या बनवीत राहिली, परंतु गेलेली शक्ती परत आली नाही. अखेर २०२१ च्या प्रारंभी राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात तिच्याविरुद्ध नादारीची कार्यवाही सुरू झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तेव्हा वृत्तपत्रांतून हळहळीचे लेख आले. गाडीबद्दल हळहळ वाटणे योग्यच. पण त्या गाडीचे नट आवळणाऱ्या हातांचे पुढे काय झाले, याविषयी फारसे कुणी लिहिले नाही.

दिवाळखोरी म्हणजे रांग

दिवाळखोरी या शब्दाभोवती आपल्याकडे लज्जेचे वलय आहे. दिवाळे निघाले म्हणजे तोंड लपवायचे, अशी जुनी समजूत. कायद्याच्या भाषेत मात्र तिचा अर्थ साधा आहे. देणी फेडण्याची शक्ती उरली नाही, म्हणून उरलेले कुणी, किती आणि कोणत्या क्रमाने घ्यायचे, याचा निवाडा. दिवाळखोरी ही एक रांग आहे. आपण त्या रांगेत कितवे, हे ज्याला आधी ठाऊक असते तो सावध राहतो. ज्याला शेवटी कळते, तो नागवला जातो.

आपल्याकडे १९८५ च्या आजारी उद्योग कायद्याखाली एक मंडळ होते. कंपनी त्याच्या दारात गेली की वसुलीच्या कारवाया थांबत आणि वर्षामागून वर्षे जात. यंत्रे गंजत, कामगार म्हातारे होत, आणि शेवटी वाटायला जमिनीखेरीज काही उरत नसे. २०१६ मध्ये नादारी आणि दिवाळखोरी संहिता आली आणि हे जुने मंडळ बंद झाले. नव्या संहितेप्रमाणे कंपनीचा कारभार संचालकांच्या हातून काढून एका व्यावसायिकाकडे दिला जातो. कर्ज देणाऱ्या बँका आणि वित्तसंस्था यांची समिती बसते. ठरलेल्या मुदतीत, म्हणजे कोर्टकचेरीसह ३३० दिवसांत, नवा मालक मिळाला तर कंपनी वाचते. नाही मिळाला तर अवसायन, म्हणजे मालमत्ता विकून वाटप. प्रत्यक्षात मुदती अनेकदा उलटतात, हेही खरे आहे.

अवसायनातील रांग संहितेच्या ५३ व्या कलमात आहे. सर्वांत आधी या प्रक्रियेचाच खर्च. त्यानंतर एकाच पायरीवर दोघे: कामगारांची अवसायनापूर्वीच्या २४ महिन्यांची देणी आणि तारण घेतलेल्या बँका. त्याखाली इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांचे वेतन. मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारची दोन वर्षांची देणी, मग उरलेली सर्व देणी, त्यात बहुतांश पुरवठादार आले. त्यानंतर अग्रहक्क भागधारक आणि सर्वांत शेवटी सामान्य भागधारक.

हे एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा एका कंपनीची मालमत्ता विकून १०० कोटी रुपये आले. प्रक्रियेचा खर्च १० कोटी. उरले ९० कोटी. बँकांचे तारणी कर्ज २७० कोटी आणि कामगारांची २४ महिन्यांची देणी ३० कोटी, म्हणजे एकूण ३०० कोटी. दोघे एकाच पायरीवर असल्याने प्रत्येकाला रुपयामागे ३० पैसे मिळतील. बँकांना ८१ कोटी, कामगारांना ९ कोटी. पैसे संपले. खालच्या पायरीवरच्या पुरवठादाराला, सरकारला, भागधारकाला शून्य. बँकेसाठी ७० टक्के तोटा हा ताळेबंदातील आकडा असतो. कामगारासाठी तो मुलीचे शिक्षण, आईचे औषधपाणी आणि घराचा हप्ता असतो. पायरी एक, पण पडण्याची खोली वेगळी.

गुंतवणूकदार

आता यातील पहिला घटक. गुंतवणूकदार म्हटले की डोळ्यांसमोर दलाल रस्त्यावरचा कुणी धनिक उभा राहतो. वस्तुतः निवृत्त शिक्षक, बँकेतील कारकून, विधवा भगिनी असे अनेक जण मोठ्या नावावर विश्वासून भाग घेतात किंवा कंपनीत ठेव ठेवतात. नाव ऐकलेले आहे, गाडी रस्त्यावर दिसते, मग कंपनी कशी बुडेल, हा त्यांचा भाबडा तर्क. परंतु गाडी रस्त्यावर धावते म्हणून कंपनी चालते असे नाही. पद्मिनी धावतच होती.

भागधारक हा मालक असतो, आणि मालकाचा वाटा सर्वांची देणी फिटल्यावर उरलेल्यात असतो. नव्या मालकाची योजना मंजूर होते तेव्हाही जुने भाग बहुधा रद्द होतात किंवा त्यांचे मूल्य नगण्य केले जाते. ‘कंपनी वाचली’ ही बातमी वाचून भागधारक पेढे वाटतो आणि नंतर त्याला कळते की कंपनी वाचली, त्याचा भाग वाचला नाही. काही जण तर कंपनी न्यायाधिकरणात गेल्यावर स्वस्त मिळतो म्हणून भाग विकत घेतात. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या वेळी असेच झाले. जुन्या कंपनीचे मूल्यहीन भाग लोक नव्या कंपनीचे समजून घेऊ लागले, तेव्हा तेथील नियामकांना जाहीर इशारा देऊन भागाचे बाजारातील चिन्ह बदलावे लागले.

धोक्याच्या खुणा आधी दिसतात. प्रवर्तकांनी स्वतःचे भाग गहाण टाकणे, लेखापरीक्षकाने मुदतीपूर्वी राजीनामा देणे, ताळेबंद वेळेवर न येणे, कागदावर नफा पण हातात रोकड नाही अशी अवस्था, आणि मूळ धंद्यापेक्षा जमीन विकून नफा दाखविणे. पंचांगात ग्रहण आधी छापलेले असते, पण पंचांग उघडून पाहावे लागते.

पुरवठादार

दुसरा घटक फारसा कुणाच्या ध्यानात येत नाही. मोटार कंपनी स्वतः सर्व भाग बनवीत नाही. हजारो सुटे भाग बाहेरून येतात. चिंचवड, भोसरी, चाकण, अंबड, वाळूज येथील लहान कारखाने हेच काम करतात. कुणी ओतकाम करतो, कुणी रबरी भाग बनवितो, कुणाकडे दोन प्रेस आणि आठ कामगार असतात. अशा अनेक कारखान्यांचा मालक हा कालपर्यंतचा कामगारच असतो, राहते घर तारण ठेवून त्याने यंत्र घेतलेले असते.

मोठी कंपनी अडचणीत आली की पहिली झळ यांना लागते. ती पैसे थकविते. साठ दिवसांचे नव्वद होतात, नव्वदचे दीडशे. माल दिलेला असतो, बिल फाडलेले असते, त्यावरचा वस्तू व सेवा कर सरकारजमा केलेला असतो, पण पैसे आलेले नसतात. इकडे बँकेने येणे रकमेच्या आधारावर खेळत्या भांडवलाची मर्यादा दिलेली असते. येणे नव्वद दिवसांहून जुने झाले की बँक सामान्यतः ते हिशेबात धरीत नाही आणि मर्यादा घटवते. ज्या वेळी पैशाची सर्वाधिक गरज, त्याच वेळी बँकेचा हात आखडतो. बुडत्याचा पाय खोलात जातो तो असा.

मग तो माल देणे थांबवीत का नाही? कारण थांबविला तर आधीचे पैसे बुडतील ही भीती. एकाच कंपनीसाठी तयार केलेले साचे दुसऱ्या कुणाच्या कामाचे नसतात. म्हणून तो आणखी माल देतो, आणखी अडकतो. शेवटी कंपनी नादारीत गेली की त्याला समजते की कर्जदात्यांच्या समितीत आपल्याला मतच नाही. मतदानाचा अधिकार वित्तीय कर्जदात्यांना. पुरवठादाराला निदान अवसायनात मिळाले असते तेवढे तरी दिले पाहिजे, असे कायदा म्हणतो. पण अवसायनात त्याच्या पायरीपर्यंत पैसाच पोहोचत नसेल, तर ते ‘निदान’ म्हणजे शून्य.

लहान उद्योगांसाठी २००६ च्या कायद्याने ४५ दिवसांत पैसे देण्याचे बंधन घातले आहे. उशीर झाला तर बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याजही आहे. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत खर्च म्हणून करात वजा मिळत नाही, अशीही तरतूद आली. कायदा चांगला आहे. मात्र ज्याच्याकडून उद्याची मागणी हवी, त्याच्याविरुद्ध आज तक्रार करण्याचे धैर्य किती जणांत असते? येथे एकटा माणूस दुबळा ठरतो आणि संघटनेची गरज पटते. पाच टक्क्यांच्या नफ्यावर चालणाऱ्या कारखान्याचे दहा लाख बुडाले, तर ते भरून काढण्यास दोन कोटींचा नवा धंदा करावा लागतो. हे गणित प्रत्येक लघुउद्योजकाच्या टेबलावर लिहिलेले असावे.

कामगार

तिसरा घटक कामगार. गुंतवणूकदाराचा पैसा चार ठिकाणी असू शकतो, पुरवठादाराला दुसरे गिऱ्हाईक मिळू शकते. कामगाराचे सारे आयुष्य एकाच फाटकाच्या आत असते. कंपनी कायदेशीररीत्या दिवाळखोरीत जाण्याच्या पुष्कळ आधी त्याची दिवाळखोरी सुरू होते. आधी पगार दहा दिवस उशिरा, मग अर्धा, मग ‘पुढच्या महिन्यात बघू’. पगारातून भविष्यनिर्वाह निधी कापला जातो, पण तो जमा होतोच असे नाही. पतपेढीचा हप्ता पगारातून कापला जात असतो. पगार थांबला की पतपेढीही अडचणीत येते, आणि तिच्यात ठेवी असतात त्याच कामगारांच्या. कर्जाला एकमेकांना जामीनही तेच राहिलेले असतात. एकाच्या घराला आग लागली की चाळीचे छप्पर पेटावे, तसे हे होते.

भविष्यनिर्वाह निधी, निवृत्तिवेतन आणि उपदान यांचा निधी अवसायनाच्या मालमत्तेत धरता येत नाही, हे संहितेच्या ३६ व्या कलमाने स्पष्ट केले आहे. ही रक्कम रांगेच्या बाहेर, कामगाराची स्वतःची. हा फार मोठा आधार आहे आणि अनेकांना तो माहीत नसतो. मात्र थकलेल्या वेतनाचे तसे नाही. २४ महिन्यांपलीकडची थकबाकी रांगेत खाली ढकलली जाते. म्हणजे जो कामगार कंपनीवर निष्ठा ठेवून, ‘आज ना उद्या मिळेल’ म्हणत तीन-चार वर्षे थांबला, त्याच्या निष्ठेची किंमत कायद्याने कमी धरली. आणि कंत्राटी कामगाराचे नाव तर कित्येकदा कंपनीच्या कोणत्याच यादीत नसते.

येथे संघर्षाबद्दलही दोन शब्द बोलले पाहिजेत. प्रीमियरच्या कामगारांचे नेतृत्व करणारे डॉ. दत्ता सामंत हे कोकणचेच सुपुत्र, देवबागचे. त्यांच्या लढ्यांनी प्रीमियरच्या कामगाराला भरीव वेतनवाढ मिळवून दिली, हा इतिहास आहे. कामगाराला त्याच्या घामाचे मोल मागण्याचा अधिकार आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु उद्योगाची प्रकृती ढासळत असताना दोन्ही बाजूंनी एकमेकांना केवळ शत्रू मानले, तर जिंकणारा कुणीच उरत नाही. व्यवस्थापनाने हिशेब लपवायचे आणि कामगारांनी ते खोटेच मानायचे, या अविश्वासात कारखाना मरतो. वाचवायचा असेल तर ताळेबंद कामगारांसमोर उघडा ठेवण्याचे धैर्य मालकाने आणि तो वाचण्याची तयारी संघटनेने दाखवायला हवी.

कुर्ल्याच्या जागी आज निवासी संकुले आणि व्यापारी इमारती आहेत. कारखान्यापेक्षा कारखान्याखालची जमीन मौल्यवान ठरली, ही मुंबईच्या औद्योगिक इतिहासाची शोकांतिका. गिरणगावात तेच घडले. पंचेचाळिशी ओलांडलेला जोडारी, रंगारी किंवा टर्नर दुसरीकडे कुठे जाणार? कुणी सुरक्षारक्षक झाले, कुणी रिक्षा घेतली, कुणी गावच्या घराचा दरवाजा उघडून आंब्याच्या चार कलमांवर संसार रेटला.

चाळीस दिवस आणि चाळीस वर्षे

जगातील सर्वांत गाजलेली मोटार दिवाळखोरी अमेरिकेतील जनरल मोटर्सची. १ जून २००९ रोजी ती न्यायालयात गेली, तेव्हा मालमत्ता सुमारे ८२ अब्ज डॉलर आणि देणी सुमारे १७३ अब्ज डॉलर होती. १० जुलैला, म्हणजे चाळीस दिवसांत, नवी कंपनी बाहेर पडली. सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर घातले आणि पुढे भाग विकताना त्यातील ११ अब्जांवर पाणी सोडले. जुन्या भागधारकांच्या हाती काही आले नाही. रोखेधारकांना नव्या कंपनीत १० टक्के वाटा मिळाला. कामगारांच्या निवृत्तीनंतरच्या आरोग्यनिधीला रोख रकमेऐवजी बव्हंशी १७.५ टक्के भाग आणि अन्य रोखे घ्यावे लागले. पुरवठादार कोसळले तर उभी साखळीच तुटेल हे ओळखून सरकारने त्याआधीच मार्चमध्ये ५ अब्ज डॉलरची पुरवठादार साहाय्य योजना काढली होती. तरीही हजारावर विक्रेत्यांची दुकाने गेली आणि अनेक कारखान्यांना कुलपे लागली.

त्यातून घेण्यासारखा धडा वेगाचा आहे. निर्णय कठोर होते, पण झटपट झाले, म्हणून यंत्रे गंजण्यापूर्वी पुन्हा फिरली. आपल्याकडे प्रीमियर खंगत गेली, तर अँबॅसॅडर बनविणाऱ्या हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा कारखान्याने मे २०१४ मध्ये काम थांबविले. दीर्घ आजारात रोग्याबरोबर घरही विकले जाते.

परंतु अमेरिकेचे गुणगान करून थांबता येणार नाही. हीच जनरल मोटर्स २००८ मध्ये आपल्या तळेगावात कारखाना घेऊन आली होती, ज्या तळेगावात शंभर वर्षांपूर्वी पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. २०१७ अखेर तिने भारतातील गाड्यांची विक्री थांबविली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादनही थांबले आणि हजाराहून अधिक कामगारांवर बेकारीची कुऱ्हाड कोसळली. ही दिवाळखोरी नव्हती, कंपनीने हिशेब करून घेतलेला निरोप होता. पुढे तो कारखाना ह्युंदाईने घेतला आणि जानेवारी २०२४ मध्ये व्यवहार पूर्ण झाला. कारखाना वाचला, पण त्यातील जुना कामगार त्याबरोबर आपोआप वाचला नाही. दूरच्या देशात निर्णय घेणाऱ्यांना तळेगाव म्हणजे नकाशावरील एक ठिपका असतो. ज्यांची मुळे या मातीत आहेत अशा उद्योगांची आवश्यकता येथे पटते. मात्र स्वदेशी म्हणजे निकृष्टतेला संरक्षण नव्हे, हेही प्रीमियरने शिकविले आहे.

आणि हे सारे दूरचे वाटत असेल तर मिऱ्या बंदराकडे पाहावे. भारती शिपयार्ड हा रत्नागिरीचा अभिमान होता. हजारो कोटींच्या कर्जाखाली ती कंपनी दबली, २०१७ मध्ये नादारीच्या कार्यवाहीत गेली आणि २०१९ च्या जानेवारीत अवसायनाचा आदेश झाला. वेल्डर, फिटर, कंत्राटदार, खानावळी, खोल्या भाड्याने देणारे, ट्रकवाले, सर्वांनी ती झळ सोसली. पुढे नव्या मालकाच्या हाती यार्ड गेले, ही समाधानाची गोष्ट. पण मधल्या वर्षांत विखुरलेली कुशल माणसे परत गोळा होणे किती अवघड असते, हे या नगरीला सांगायला नको.

आपण काय करावे?

पहिली गोष्ट घराच्या पातळीवर. ज्या कंपनीतून पगार येतो, तिच्याच भागांत सारी बचत ठेवू नये. बुडताना दोन्ही एकदम बुडतात. भविष्यनिर्वाह निधीचे खाते दर तीन महिन्यांनी तपासावे. नियुक्तीपत्र, वेतनचिठ्ठ्या, हजेरीपत्रक जपून ठेवावे, दाव्याच्या वेळी हाच पुरावा. स्वेच्छानिवृत्तीची रक्कम हाती आली की जादा व्याजाच्या आमिषाने घरी येणाऱ्या माणसाला नम्रपणे निरोप द्यावा. कंपनी नादारीत गेल्याची जाहीर सूचना वृत्तपत्रात येते आणि दावा करण्यास मुदत असते. कामगार आणि पुरवठादार दोघांनीही मुदतीत दावा दाखल केलाच पाहिजे. ज्याने दावा केला नाही, त्याची नोंद रांगेतच होत नाही.

दुसरी गोष्ट लघुउद्योजकांसाठी. एकाच गिऱ्हाइकावर निम्म्याहून अधिक धंदा विसंबून ठेवणे म्हणजे एका खांबावर माडी बांधणे. उधारीची मर्यादा आधी ठरवावी आणि ती ओलांडली की माल थांबविण्याची हिंमत ठेवावी. शक्य तेथे सर्व पुरवठादारांनी एकत्र येऊन बोलावे.

तिसरी गोष्ट समाजाची. भूकंप झाला, पूर आला की हजारो हात धावून जातात. कारखाना बंद पडणे हीही आपत्तीच आहे, फक्त तिचा आवाज होत नाही. बंद कारखान्याच्या वस्तीत दाव्याचे अर्ज भरून देणारा एखादा वकील, हिशेब समजावणारा लेखापाल, मुलांची फी भागविणारी एखादी संस्था, प्रौढ कामगाराला नवे कौशल्य शिकविणारा वर्ग, ही कामे कार्यकर्त्याच्या आवाक्यातली आहेत. त्यासाठी कोणताही कायदा बदलावा लागत नाही.

पैसा फंडाला दिलेला एक पैसा ही देणगी होती, तसेच ते उत्तरदायित्वही होते. देणाऱ्याने उद्योगावर लक्ष ठेवायचे आणि घेणाऱ्याने त्या पैशाशी इमान राखायचे. कायदा रांग लावू शकतो, रांगेतल्या शेवटच्या माणसाचा हात धरू शकत नाही. तो हात समाजालाच धरावा लागतो. मुंबईहून येणारी मनीऑर्डर थांबली म्हणून कोकणातील एकाही मुलाची शाळा सुटू नये, एवढा निश्चय या सभागृहातून बाहेर पडताना केला, तरी पुष्कळ झाले.